चौथऱ्यावरचा व्यापारी

पेठेच्या गावात व्यापाऱ्याचे नाव बहुधा दगडावर असते. मंदिराच्या पायरीवर कोरलेले, धर्मशाळेच्या दारावरील शिळेत बसवलेले, पाणपोईच्या कट्ट्यावर रंगवलेले. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कोठेही गेले तरी चौकातील चौथरा राजाचा, संताचा किंवा लोकनेत्याचा असतो. व्यापाऱ्याच्या वाट्याला शिळा येते, आणि ती बहुधा त्याच्याच पैशाने घडवलेली असते. या वाटणीत कोणावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. राजाने राज्य राखले, संताने मन राखले, व्यापाऱ्याने मात्र आपला गल्ला राखला, असा लोकांचा सरसकट समज असतो. म्हणूनच ज्या थोड्या ठिकाणी लोकांनी वर्गणी काढून एखाद्या कारखानदाराला चौथऱ्यावर उभे केले, ती ठिकाणे व्यापारी कुटुंबांनी थांबून पाहावीत अशी आहेत.

मुंबईत असा एक पुतळा आहे, जमशेदजी नसरवानजी टाटा यांचा. जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत झाला आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाद नाउहाइम येथे त्यांचे देहावसान झाले. म्हणजे त्यांचे जवळजवळ सगळे आयुष्य व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत गेले. त्यांच्या मृत्यूनंतर मुंबईकरांनी स्मारकाचे मनावर घेतले. डब्ल्यू. आर. कोल्टन या इंग्रज शिल्पकाराने पुतळा घडवला आणि १९१२ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्या काळी मुंबईच्या चौकांत राजा-राणी आणि गव्हर्नर यांच्या पुतळ्यांची गर्दी होती. स्वातंत्र्यानंतर ती ओसरली. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, ज्यामुळे एका भागाला काळा घोडा हे नाव पडले, तो १९६५ मध्ये जागेवरून हलला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन राहिला. राज्य करणारे बागेत गेले, गिरणी चालवणारा रस्त्यावर राहिला. एवढ्या एका गोष्टीवरून पुतळा कशाच्या बळावर टिकतो, याचा विचार सुरू होतो.

जैन दर्शनाने या विचाराला नेमके साधन देऊन ठेवले आहे. कर्म तीन प्रकारे बांधले जाते : स्वतः केल्याने, दुसऱ्याकडून करविल्याने आणि दुसऱ्याने केलेल्याला मनापासून संमती दिल्याने. तत्त्वार्थसूत्रात कृत, कारित आणि अनुमत असा हा क्रम येतो. सामायिकात बसणाऱ्या श्रावकाला तो लहानपणापासून परिचित असतो. आता पुतळा म्हणजे काय? ज्याचा पुतळा असतो, त्याने तो केलेला नसतो. उभा राहतो तेव्हा तो या जगातही नसतो. पुतळा उभारणारे आणि त्यापुढे हात जोडणारे जे करतात, तिचे नाव अनुमोदना. गावाने एखाद्याचा पुतळा उभारला की त्याच्या कर्माला गावाने संमती दिली. मग कोणत्या कर्माला संमती दिली, हे विचारणे गावावर बंधनकारक होते. जमेची बाजू तेवढी वाचून खाते मिटवता येत नाही.

हा प्रश्न किती अवघड आहे, ते मुंबईच्याच दुसऱ्या एका जमशेदजींकडे पाहिले की कळते. सर जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले आणि आजही जे. जे. म्हणून रोज हजारो गरिबांना आधार देते. माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडून माणसे मरत. त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी दिलेल्या पैशातून तेथे बांध झाला. मुंबईच्या पांजरापोळीच्या, १८३४ सालच्या, संस्थापकांतही त्यांचे नाव घेतले जाते. शहराने कृतज्ञतेने त्यांचा पुतळा टाउन हॉलमध्ये बसवला. परंतु या संपत्तीचा मोठा भाग चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून आला होता. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य स्पष्टपणे मोजलेले आहे. मग अनुमोदना कशाची करावी? रुग्णालयाची निःशंक करावी. अफूच्या पेट्यांची करता येत नाही. दान मोठे झाले म्हणून मिळकतीचा मार्ग शुद्ध होत नाही, आणि मार्ग अशुद्ध होता म्हणून रुग्णाला मिळालेले औषध खोटे ठरत नाही. दोन्ही नोंदी वहीत शेजारी शेजारी राहतात. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे गुण सांगताना न्यायाने मिळवलेल्या वैभवाला पहिले स्थान दिले आहे. द्यायचे कसे, हा प्रश्न त्यांच्या लेखी मिळवायचे कसे याच्या नंतरचा आहे.

त्या कसोटीवर टाटांचे चरित्र पाहू जाता पहिला प्रसंग दिवाळखोरीचा येतो. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. कापसाच्या पैशातून बँका आणि कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे शेअर भडकले. या सट्ट्याचे अनभिषिक्त राजे होते सुरतेहून आलेल्या जैन घराण्यातील शेठ प्रेमचंद रायचंद. त्यांच्या सहभागाने लंडनमध्ये एक हिंदी बँक काढण्यासाठी तरुण जमशेदजी विलायतेस गेले. तेवढ्यात १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलैच्या हिशेबाच्या दिवशी मुंबईची बड्या बड्यांची घरे बुडाली. लंडनमध्ये जमशेदजींच्या हाती राहिलेले कागद कवडीमोल झाले. तेव्हा त्यांनी धनकोंपुढे पेढीची खरी स्थिती मांडली. त्यांच्या सरळपणाचा प्रभाव असा पडला, की पेढीचे व्यवहार निकाली काढण्याचे काम धनकोंनी त्यांच्याकडेच सोपवले. बुडीत आलेल्या माणसाच्याच हाती चाव्या दिल्या गेल्या. पेढीवर बसणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला या घटनेचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही. तेजीत पत सर्वांनाच मिळते. मंदीत जी उरते, ती पत.

दुसरा प्रसंग नागपूरचा आहे, आणि तो मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या मातीला जवळचा आहे. त्या काळी हिंगोली निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथे होती आणि गाव कापसाची मोठी पेठ म्हणून ओळखले जाई. येथे तेव्हा रेल्वे नव्हती. रुईची गाडी बैलांच्या खांद्यावरून निघे. ती मुंबईला पोहोची, तेथून जहाजाने लँकेशायरला जाई आणि कापड होऊन परत याच बाजारात विकायला येई. पिकवणारा येथे, नेसणारा येथे, आणि मधली सगळी मिळकत सातासमुद्रापार. जमशेदजींनी मुंबईचा मोह सोडून गिरणी कापसाच्या रानात नेण्याचे ठरवले. जी. आय. पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेली होती. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलाने कंपनी निघाली आणि नागपुरात सखल, दलदलीची जमीन स्वस्तात घेऊन भराव टाकण्याचे काम सुरू झाले.

या भरावाची एक गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. नागपुरातील एका मारवाडी सावकाराकडे भांडवलासाठी विचारणा झाली, तेव्हा जो माणूस जमिनीत सोने पुरतो आहे त्याला पैसा देणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. पुढे गिरणीचा नफा पाहून त्याच सावकाराने कबूल केले, की या माणसाने जमिनीत माती घातली आणि सोने काढले. व्यापारी घरात ही गोष्ट ऐकताना हसू येते, कारण तो सावकार ओळखीचा वाटतो. व्याज दिसते तेथेच पैसा लावणारी नजर चुकीची नसते. तिला फक्त माती दिसते. मातीखाली काय होऊ शकते ते दिसत नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. तिची व्यवस्था बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे देण्यात आली. ते रेल्वेच्या नोकरीतून आलेले होते, कापडाच्या धंद्यातले नव्हते. माणूस पारखून काम द्यायचे आणि काम त्याला शिकू द्यायचे, ही रीत. पुढच्या काळात या गिरणीत खेळत्या हवेची सोय झाली, आग विझवणारे पाण्याचे फवारे बसले, कामगारांसाठी पेन्शन आणि भविष्यनिर्वाह निधीसारख्या योजना आल्या, अपघात झाल्यास भरपाईची तजवीज झाली. यांपैकी बहुतेक गोष्टी त्या काळच्या कायद्याने मालकावर लादलेल्या नव्हत्या.

जैन ग्रंथ हिंसेचे चार भाग सांगतात : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला उद्योगी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे त्यांना मान्य आहे. ती कमी करण्याचा यत्न टाळण्याची मुभा मात्र कोणालाही नाही. गिरणीतली खिडकी, पाण्याचा फवारा, जखमी कामगाराला दिलेली भरपाई, ही यत्नाची गिरणीच्या भाषेतली रूपे होत. दुकानाच्या मागच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीखाली राबणाऱ्या हमालाला हे प्रवचनापेक्षा लवकर कळेल.

तरीही खाते येथे बंद करणे प्रामाणिक होणार नाही. तो काळ कामगारासाठी कठोर होता. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. कायद्याने हे थांबवावे लागले, यावरूनच आधी काय चालत असे ते उमगते. प्रौढ पुरुषाच्या तासांना तर त्या कायद्यात मर्यादाच नव्हती. गिरण्यांच्या युगाचा गौरव करताना या मुलांची आठवण पुसली, तर ती अनुमोदना डोळे मिटून केलेली ठरेल.

आणखी एक आठवण व्यापारी समाजाला अधिक जवळून टोचणारी आहे. ज्या कापसाने मुंबईत महाल उभे केले, त्याच कापसाच्या तेजीत दख्खनच्या शेतकऱ्याला सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली होती. भाव कोसळले, सरकारने शेतसारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः कर्जरोखे आणि वह्या हव्या होत्या. त्या मिळाल्या तेथे त्यांनी त्यांची होळी केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. बहुतेक सावकार मारवाडी आणि गुजराती होते. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. सगळा दोष सावकारांचा होता असे इतिहास म्हणत नाही. साऱ्याचे ओझे आणि बाजाराची पडझड यांचाही त्यात वाटा होता. पण नागपुरात गिरणीचा पाया भरला जात असताना त्याच महाराष्ट्रात दुसऱ्या व्यापाऱ्यांच्या वह्या जळत होत्या, ही घटना विसरण्याजोगी नाही. दोघांनीही कापसाच्या पैशावरच धंदा केला होता. एकाच्या नावाने पुढे लोकांनी वर्गणी काढली, दुसऱ्यांच्या वहीला लोकांनी काडी लावली. गावाने व्यापाऱ्याला दिलेले हे दोन निकाल आहेत, आणि दोन्ही त्याच्या मृत्युपत्राऐवजी त्याच्या रोजमेळावर आधारलेले आहेत.

दानाच्या बाबतीत जमशेदजींची दृष्टी व्यापाऱ्याचीच होती. १८९२ मध्ये त्यांनी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. तो प्रथम पारशी विद्यार्थ्यांसाठी होता, पण लवकरच सर्व हिंदी विद्यार्थ्यांना खुला झाला. त्यातून मिळे ते कर्ज. शिकून कमावू लागलेल्याने ते फेडायचे, म्हणजे तीच रक्कम पुढच्याला उपयोगी पडेल. निधीच्या सुरुवातीच्या लाभार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, ज्या काळी मुलीला चौथी इयत्तेपुढे पाठवणे धाडसाचे होते त्या काळी. दानात घेणाऱ्याचा हात खाली राहतो. या व्यवस्थेत तो काही वर्षांनी वर येतो. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदानाला जैन परंपरेने जे स्थान दिले, त्याचे हे खतावणीत उतरवलेले रूप मानता येईल. पांजरापोळीतील गायीला किंवा दुष्काळातील भुकेल्याला कर्ज देता येत नाही, तेथे दानच हवे. ज्याच्या अंगी परतफेडीची शक्ती येऊ शकते, त्याला मात्र भिकेपेक्षा विश्वास मोलाचा.

१८९८ मध्ये जमशेदजींनी विज्ञानाच्या उच्च अध्ययनासाठी संस्था काढण्याकरिता सुमारे तीस लाख रुपयांच्या मिळकती देऊ केल्या. आपले नाव तिला नको, ही त्यांची भूमिका होती. संस्था प्रत्यक्ष स्थापन झाली १९०९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. वडिलांचे वचन मुलांनी पाळले. बंगळूरची ही भारतीय विज्ञान संस्था. तिच्या नावात टाटा नाहीत, पण तेथील सामान्य माणूस पिढ्यान्‌पिढ्या तिला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणत आला. १९२२ मध्ये तेथेही त्यांचे स्मारक उभे राहिले. गिल्बर्ट बेझ या शिल्पकाराने घडवलेल्या त्या पुतळ्याच्या हाती संस्थेच्या इमारतीची लहान प्रतिकृती आहे. देणाऱ्याने संस्थेवर नाव घातले नाही, म्हणून लोकांनी संस्थाच त्याच्या हातावर ठेवली.

प्रेमचंद रायचंदांची कथा याच वळणाने जाते. तेजीच्या दिवसांत, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी त्यांचे साम्राज्य कोसळले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पूर्ण झाला, कारण दिलेला पैसा त्यांचा राहिलाच नव्हता. मनोऱ्याला नाव मिळाले त्यांच्या मातोश्री राजाबाईंचे. या मातोश्रींना दृष्टी नव्हती आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम होता. घड्याळाच्या टोल्यांनी त्यांना वेळ कळावी म्हणून हा मनोरा झाला, अशी आख्यायिका जैन घरांतून आजही सांगितली जाते. सट्ट्यात उरले काही नाही. आईच्या व्रतासाठी वाजणारी घंटा शहराची झाली.

नागपूरची एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आता बाजारसंकुल आहे आणि चाती फिरल्याची खूण शोधावी लागते. धंद्याचे आयुष्य एवढेच असते, यात शोक करण्यासारखे काही नाही. हिंगोलीच्या मोंढ्यातही कापसाची जुनी मिजास उरलेली नाही. वसमत आणि हिंगोलीचे नाव आज दूरवर जाते ते हळदीमुळे. उद्या आणखी काही येईल. माल बदलतो, काटा तोच राहतो. शेतकऱ्याचे पोते काट्यावर चढते तेव्हा किती कडता धरला, हमालाला ठरलेली हमाली वेळेवर मिळाली का, भाव पाडून घेतल्यावर पट्टी त्याच दिवशी हाती दिली का, अडलेल्याला दिलेल्या उसनवारीवर व्याज किती लावले, या नोंदी व्यापाऱ्याच्या वहीत एका ओळीच्या असतात. समोरच्याच्या घरात त्या वर्षभर आठवल्या जातात.

औंढा तालुक्यातील शिरड शहापूरच्या श्री मल्लिनाथ अतिशय क्षेत्री दर्शनाला जाणारी कुटुंबे तेथील दात्यांच्या शिळा वाचतात. मूर्ती मात्र भगवंतांची, ज्यांनी नाव, राज्य, संपत्ती यांपैकी काहीही जवळ ठेवले नाही. शिळेवर नाव कोरल्याने पाप लागत नाही. मान हा कषाय मात्र त्या अक्षरांतून अलगद आत येतो, आणि दिलेल्या रकमेतला पुण्यांश तोच आधी खातो, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. त्यांचे म्हणणे चुकीचे ठरावे असे टाटा किंवा रायचंद यांच्या चरित्रात काही आढळत नाही.

दीपावलीला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, घरोघर नवी वही पूजली जाते. पहिल्या पानावर स्वस्तिक, शुभ आणि लाभ लिहिले जाते. लाभाच्या आधी शुभ लिहिण्याची ही रीत हिशेबाचीच रीत आहे. त्या वहीत यंदा एक स्वतंत्र खाते उघडता येईल : मोंढ्यातील एखाद्या हमालाच्या, एखाद्या शेतकऱ्याच्या हुशार मुलीला शिक्षणासाठी बिनव्याजी रक्कम, परत आली की पुढच्या मुलीला. खात्याला दात्याचे नाव नको. आईचे दिले तरी चालेल. पुतळ्याची अपेक्षा त्यात नाही, चौकातील चौथराही त्यासाठी रिकामा ठेवायला नको. एवढेच पाहावे, की ज्यांच्या पोत्यांवर ही वही भरली, त्या माणसांना उद्या या घराच्या नावाची अनुमोदना करायला सांगितली, तर त्यांचे हात मनापासून जोडले जातील का. चौथऱ्यावर कोणी चढवो न चढवो, व्यापाऱ्याचे मोल शेवटी त्याच हातांवर ठरते.